अंगणात मावेल असा पाम

आंब्याचा शेंडा खुडला की खालच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि झाड पसरतं. पेरू, जास्वंद, बोगनवेल, कढीपत्ता या सगळ्यांचं तसंच. पामाचं तसं नाही. पामाच्या एका खोडाला वाढीचा एकच कोंब असतो, झावळ्यांच्या बरोबर मधोमध, कोवळ्या पानांच्या वेष्टनांत दडलेला. तो कापला गेला, कुजला किंवा भुंग्याने पोखरला, की ते खोड संपलं. त्याला बाजूने फांदी फुटत नाही. त्यामुळे ‘फार वाढला तर वरून छाटून घेऊ’ हा बागेतला नेहमीचा हिशोब पामाला लागू पडत नाही.

खोडाच्या जाडीचीही तीच गोष्ट. सागाला, आंब्याला दरवर्षी सालीखाली लाकडाचा नवा थर चढतो. पामाच्या खोडात थर चढवणाऱ्या पेशीच नसतात. रोप आधी जमिनीलगतच आपल्या खोडाची जाडी भरून घेतं आणि मग उंचीला लागतं. म्हणून कित्येक पाम पहिली काही वर्षं नुसत्या पानांचा झुबका दिसतात. घेणाऱ्याला वाटतं, हे झाड एवढंच राहणार. प्रत्यक्षात त्याची तयारी चाललेली असते. खोडावर कोयत्याचा घाव बसला किंवा तारेसाठी खिळा ठोकला, तर ती जखमही कधी भरून येत नाही.

तेव्हा लहान पाम हवा असेल तर तो जातीनेच लहान असावा लागतो. नर्सरीतल्या पिशवीत कोणतंही रोप कमरेएवढंच असतं. विचारायचं ते एवढंच, की हे झाड दहा-पंधरा वर्षांनी किती उंच होईल, त्याच्या झावळ्यांचा घेर किती होईल आणि त्याला सावली हवी की ऊन. जगात पामांच्या सुमारे २,६०० जाती आहेत, पण आपल्याकडच्या नर्सऱ्यांत फिरताना वीस-पंचवीसच पुन्हा पुन्हा भेटतात. त्यातून घरात आणि छोट्या अंगणात सुखाने राहतील अशा जेमतेम आठ-दहा. निवड तशी अवघड नाही, पण ती झाड आणण्याआधी करावी लागते. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, आणि कायदा नसता तरी आपणच लावलेलं, वाढवलेलं झाड तोडण्याची वेळ कुणावरच येऊ नये.

आधी फसगत करणारी झाडं बघू. सगळ्यांत मोठा घोटाळा बॉटल पाम आणि रॉयल पाम यांच्यात होतो. कॉलेजांच्या, जुन्या बंगल्यांच्या फाटकापासून आत जाणाऱ्या रस्त्याला दुतर्फा दिसतो तो गुळगुळीत करड्या खोडाचा उंच पाम म्हणजे रॉयल पाम. तो मूळचा क्युबा आणि आसपासच्या प्रदेशाचा, आणि ६०-७० फूट सहज जातो. त्याचं खोड लहानपणी बुडाशी थोडं फुगतं, म्हणून तो सर्रास ‘बॉटल पाम’ म्हणून विकला जातो. खरा बॉटल पाम दहा-बारा फुटांवर थांबतो. ओळखायचं कसं? खऱ्या बॉटल पामाला एका वेळी चार-सहाच पानं असतात. ती ताठ आणि कमानदार असतात आणि कोवळ्या रोपात देठांवर, पानांच्या कडांवर तांबूस झाक असते. पात्या दोन ओळींत वर उचललेल्या असतात. रॉयल पामाच्या पात्या मधल्या दांड्यावर चहूबाजूंनी फुटतात, त्यामुळे पान भरगच्च दिसतं. त्याची दहा-बारा फुटी पक्व झावळी बुडाच्या जड वेष्टनासकट एका रात्रीत आपोआप खाली येते. खाली गाडी उभी असेल तर तिचं नुकसान ठरलेलं.

काही नर्सऱ्यांत ‘टेबल पाम’ नावाने गोल, चकचकीत पंखापानांचं एक गोजिरवाणं रोप मिळतं. बहुतेक वेळा ते फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचं लिव्हिस्टोना रोटुंडिफोलिया असतं. कुंडीत ते वर्षानुवर्षं टेबलावर शोभतं, यात खोटं काही नाही. पण घर बदलताना कुणी ते कौतुकाने जमिनीत लावलं, तर ५०-६० फुटांचं झाड उभं राहतं. रुपेरी पानांचा बिस्मार्किया सध्या फार्महाऊसवर फार दिसतो. तो मादागास्करचा. त्याच्या एकेका झाडाच्या पानांचा पसारा १५-२० फुटांची जागा खातो. सह्याद्रीतला आपला भेरली माड, माशाच्या शेपटीसारख्या पात्यांचा, दिसायला अप्रतिम. पण तोही मोठा होतो, आणि एकदा वरून खाली तुऱ्यांवर तुरे सोडत फुलू लागला की फुलोरा संपल्यावर झाडही मरतं. त्याच्या फळांच्या गरात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, हाताला लागले तर भयंकर खाज सुटते. मुलं खेळतात तिथे तो नको.

शिवाय पाम म्हणून विकली जाणारी काही झाडं पाम नसतातच. सायकस हे अतिप्राचीन सूचिपर्णींच्या बाजूचं, फुलं न येणारं झाड. ट्रॅव्हलर्स पाम हा केळीच्या गोतातला. पोनीटेल पामही वेगळ्याच कुळातला. यातली सायकसची गोष्ट मात्र कुत्रं पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवायलाच हवी. त्याचे सगळे भाग, विशेषतः बिया, कुत्र्यांना जीवघेणे ठरतात. पुढे ज्यांची ओळख येते ते अरेका, चामेडोरिया, रॅफिस हे खरे पाम कुत्र्या-मांजरांच्या दृष्टीने निर्धोक आहेत.

आता घरातली जागा. फ्लॅटमध्ये पाम ठेवायचा तर आधी खोलीतला उजेड मोजायचा, आणि त्याला यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंडी जिथे ठेवायची तिथे पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली तर उजेड भरपूर आहे. नुसताच धूसर आकार दिसला तर मध्यम, आणि सावलीच उमटत नसेल तर तिथे कोणताही पाम फार काळ टिकणार नाही. आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय पटकन होते, म्हणून ‘इथे चांगला उजेड आहे’ हा आपला अंदाज बहुधा चुकतो.

मध्यम उजेडासाठी माझी पहिली पसंती चामेडोरिया एलेगन्सला. मेक्सिको, ग्वातेमाला आणि बेलीझच्या पावसाळी जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा हा पाम सहा फुटांच्या आसपास थांबतो. बोटाएवढं हिरवं खोड, त्यावर बांबूसारखी पेरं, आणि मऊ, बारीक पात्यांची पानं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या दिवाणखान्यांत, कोळशाच्या धुरात आणि अपुऱ्या उजेडात तो तगला, तेव्हापासून घरातला पाम म्हणून त्याचं नाव आहे. कुंडीतही तो लवकर फुलतो. पानांच्या खालून एक फाटे असलेला दांडा येतो आणि त्यावर मोहरीएवढे पिवळे मणी लागतात. नर आणि मादी झाडं वेगळी असल्याने एकट्या झाडाला फळ धरत नाही.

या झाडाचं एक मोठं जगही आहे. मेक्सिको आणि ग्वातेमालातले गावकरी जंगलात जाऊन चामेडोरियाची पानं तोडतात. ‘शाते’ नावाने ओळखली जाणारी ही पानं फुलवाल्यांच्या गुच्छांत आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी अमेरिकेतल्या चर्चमध्ये जातात. नगावर पैसे मिळत, म्हणून दिसेल ते पान तोडलं जाई आणि जंगलातली रोपं खचू लागली. मग काही चर्चनी फक्त निवडक, दर्जेदार पानं जास्त भावाने घ्यायला सुरुवात केली, म्हणजे तोडणाऱ्याला कमी पानांत तेवढेच पैसे मिळावेत. एका पामाला वर्षात किती थोडी पानं येतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा हिशोब लगेच पटेल.

विकत घेताना एक गोष्ट बघा. चामेडोरिया एलेगन्सला एकच खोड असतं, पण कुंडी भरलेली दिसावी म्हणून एकीत पंधरा-वीस रोपं दाटीने लावलेली असतात. दोन-तीन वर्षांत त्यातली दुबळी मरतात. ती तळाशी कापून टाका. झाड आजारी पडलं म्हणून घाबरू नका आणि गठ्ठा सोडवून वेगवेगळ्या कुंड्यांत लावायचा मोहही धरू नका, कारण मुळं तुटलेली त्याला सोसत नाहीत. त्याचाच भाऊ बांबू पाम, म्हणजे चामेडोरिया सेफ्रिझी, मात्र बुडातून स्वतःच फुटवे काढतो, आठ फुटांपर्यंत जातो आणि सकाळचं ऊनही घेतो. पूर्वेच्या गॅलरीला तो चांगला.

दुसरा रॅफिस. याचं मूळ दक्षिण चीनकडचं आणि जपानमध्ये एदो काळापासून लोक त्याच्या बुटक्या आणि पट्टेदार पानांच्या जाती हौसेने जमवत आले आहेत. हाताच्या बोटांसारखी फाटलेली गर्द हिरवी पानं, टोकं बोथट आणि दातेरी, खोडावर तपकिरी काथ्याचं वेष्टन. जमिनीखालून धुमारे काढत तो हळूहळू बेट करतो. वर्षाला एका खोडावर मोजकीच पानं येतात, त्यामुळे नर्सरीवाल्याने तो सात-आठ वर्षं सांभाळलेला असतो आणि म्हणूनच किमतीला जड असतो. तरी मी तो महाग म्हणणार नाही. एसीची कोरडी हवा, एखाद्या आठवड्याचं राहून गेलेलं पाणी, कोपऱ्यातला मंद उजेड हे सगळं दुसऱ्या कोणत्याही पामापेक्षा तो जास्त सोसतो. भर दुपारचं ऊन तेवढं त्याला देऊ नका, पानं पिवळट, फिकी पडतात.

आणि अरेका. महाराष्ट्रातल्या हॉटेलांच्या लॉबीत, लग्नाच्या मंडपात, बँकेच्या दारात जो पाम दिसतो तो हाच. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा रहिवासी तिथल्या जंगलात आता तुरळक उरला आहे आणि जगभरच्या कुंड्यांत मात्र लाखोंनी आहे. त्याचं नाव सुपारीच्या शास्त्रीय नावावरून आलं असलं तरी तो सुपारी नव्हे. उन्हात त्याचे देठ सोनेरी पिवळे होतात, सावलीत हिरवेच राहतात. देठांवर बारीक काळे ठिपके असतात. ते रोगाचे नाहीत, त्या जातीचेच आहेत. ते बघून औषध मारणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

अरेका लहान आहे का? कुंडीत हो, सहा-आठ फूट. जमिनीत तो वीस फुटांच्या वर जातो. तरीही मी त्याला छोट्या अंगणात जागा देतो, कारण तो बेटाने वाढतो आणि बेटातलं प्रत्येक खोड स्वतंत्र असतं. सगळ्यांत उंच झालेली दोन-तीन खोडं दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला अगदी जमिनीलगत करवतीने काढायची, खालचे कोवळे फुटवे ठेवायचे. बेट जिवंत राहतं आणि उंची हाताबाहेर जात नाही. पामाच्या जगात छाटणीच्या जवळ जाणारी एवढीच एक सोय आहे आणि ती फक्त बेटाने वाढणाऱ्या जातींना मिळते. शेजारच्या इमारतीची खिडकी आड करायची असेल तर तीन-तीन फुटांवर लावलेली अरेकाची रांग तीन-चार वर्षांत हे काम करते.

अरेकाविषयी एक समज मात्र सोडून द्यायला हवा. १९८९ साली नासाच्या शास्त्रज्ञांनी काही घरगुती झाडं हवाबंद पेट्यांत ठेवली आणि ती बेंझिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखे वायू कमी करतात असं नोंदवलं. त्या झाडांत बांबू पाम होता. पुढे अशा याद्यांत अरेकाही आला आणि हवा शुद्ध करणारं झाड म्हणून खपू लागला. पण घर हवाबंद पेटी नसतं. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे सगळे प्रयोग तपासले. उघड्या खिडकीतून सहज होतं तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यांच्या हिशोबात निघालं. अरेका रात्री प्राणवायू सोडतो हेही खरं नाही. रात्री तो इतर झाडांसारखाच श्वसन करतो. अरेका आणावा तो त्याच्या रूपासाठी. ते कारण पुरेसं आहे.

घराबाहेर, उन्हात लावायचा असेल तर छोट्या बागेसाठी फिनिक्स रोबेलेनाय अव्वल. नर्सरीत त्याला नुसतं ‘फिनिक्स पाम’ म्हणतात. हा आपल्या शिंदीचा आणि खजुराचा सख्खा नातेवाईक. लाओस, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनमध्ये मेकाँगच्या काठी, पुराचं पाणी चढतं-उतरतं अशा खडकाळ जागी तो वाढतो. १८८९मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि नाव मिळालं ते त्या भागात ऑर्किडं शोधत फिरणाऱ्या कार्ल रोबेलेन यांचं. आठ-दहा फुटांच्या पुढे तो क्वचितच जातो. खाली झुकलेली, बारीक मऊ पानं आणि गळलेल्या झावळ्यांच्या खुणांनी भरलेलं खडबडीत खोड. दोन-तीन रोपं एकत्र लावली तर ती एकमेकांपासून दूर वाकत जातात आणि फार सुंदर दिसतात.

त्याच्या झावळीच्या बुडाशी मात्र हात घालताना जपा. तिथल्या पात्यांचे दोन-तीन इंची, टणक, टोकदार काटे झालेले असतात आणि ते पानांच्या मऊपणामागे दिसत नाहीत. जिन्याच्या कडेला, फाटकाच्या तोंडाशी, मुलांच्या झोपाळ्याजवळ हा पाम लावू नये. वाळकी झावळी काढताना जाड चामडी हातमोजे घाला आणि आधी काटे कापून मग झावळी ओढा.

खरा बॉटल पाम मिळाला तर तो जपून ठेवण्याजोगा ठेवा आहे. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचं छोटं ज्वालामुखी बेट आहे. हा पाम मूळचा तिथला. एकोणिसाव्या शतकात माणसांनी त्या बेटावर शेळ्या आणि ससे सोडले. उगवलेलं प्रत्येक रोप ते खाऊन टाकत. जुनी झाडं एकेक करून पडली, नवी आलीच नाहीत आणि जंगलातला बॉटल पाम अगदी मोजक्या झाडांवर आला. १९७९मध्ये शेळ्या आणि १९८६मध्ये ससे त्या बेटावरून पूर्ण काढले गेले, तेव्हा कुठे त्याची रोपं पुन्हा उगवू लागली. त्याच्याच एका भावंडाचं, हायोफोर्बे अमारिकॉलिसचं, साऱ्या जगात एकच झाड उरलं आहे, मॉरिशसमधल्या क्युरपिप गावच्या उद्यानात. आपल्या अंगणातला बॉटल पाम या कुळातला आहे. त्याला भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन हवी. वर्षाला दोन-तीन पानं देईल, खोड फुगायला कित्येक वर्षं घेईल. घाईच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कोकणात, गोव्यात, मुंबईच्या दमट हवेत आणखी एक पाम जमतो, लिकुआला ग्रँडिस. मूळचा प्रशांत महासागरातल्या वानुआतूकडचा. घडीचा पंखा उघडावा तसं त्याचं पान उलगडतं, दोन-अडीच फूट व्यासाचं, अखंड, चुण्या-चुण्यांचं. वाऱ्याने ते फाटतं आणि कोरड्या हवेत कडेने करपतं, म्हणून हा पाम घराच्या आडोशाला, आंब्या-फणसाच्या सावलीत लावावा. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तिथे हा लावून झाडाचे आणि आपले हाल करू नयेत. तिकडे अंगणात फिनिक्स रोबेलेनाय, दुपारच्या सावलीची सोय असेल तर अरेका आणि ओसरीवर रॅफिस, एवढ्यांत निवड करावी.

कोकणातल्या वाचकांना वाटेल, आमच्या माडा-पोफळींचं काय? सिंगापुरी म्हणून ओळखला जाणारा ठेंगू माड किंवा केरळच्या चावघाटचा नारिंगी शहाळ्यांचा ऑरेंज ड्वार्फ तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोय टाकतो आणि पहिली काही वर्षं शहाळी उभ्याने काढता येतात. उंच वाढणाऱ्या बाणवली माडाच्या मानाने तो ठेंगू हे खरं, पण झावळ्यांचा पसारा माडाचाच असतो. माडाच्या लागवडीला दोन झाडांत साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट अंतर ठेवायला सांगतात. वीस बाय वीसच्या अंगणात एक माड लावला की अंगण त्याचं होतं. ते मान्य असेल तर जरूर लावा, शहाळ्यांचा आनंद मोठा आहे. पोफळीला २.७ मीटर अंतर पुरतं, पण ती उंच जाते. हिरेहळ्ळी ड्वार्फ ही कर्नाटकातली बुटकी जात आणि तिच्यापासून विट्टलच्या संशोधन केंद्रात झालेले संकर मिळाले तर परसातल्या अरुंद पट्ट्यात ते छान बसतात. कोवळेपणी पश्चिमेच्या उन्हाने पोफळीचं खोड भाजतं, त्या बाजूला केळ लावली की काम होतं.

जात ठरली की रोप निवडायचं. आधी मधली सुई बघा, म्हणजे न उलगडलेलं नवं पान. ती ताठ आणि हिरवी हवी. चिमटीत धरून अगदी हलकी ओढावी. हातात निघून आली आणि बुडाशी घाण वास आला, तर कोंब कुजला आहे आणि बाकीची पानं कितीही हिरवी असली तरी ते झाड मेलेलं आहे. मग सगळ्यांत नव्या पूर्ण उलगडलेल्या पानाची जुन्या पानांशी तुलना करा. नवं पान जुन्यापेक्षा मोठं किंवा तेवढंच असेल तर झाड वाढतं आहे. नवी पानं लहान-लहान होत चालली असतील तर मुळांशी काहीतरी बिनसलं आहे, मग किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. पानांच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. चिकट लागलं तर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे.

महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांत येणारी पुष्कळशी रोपं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून ट्रकने येतात. गोदावरीच्या गाळाच्या चिकण मातीचा गोळा अनेकदा मुळांभोवती असतो. प्रवासात तो फुटत नाही ही त्याची सोय, पण घरच्या कुंडीत भुसभुशीत मातीत ठेवला की पंचाईत होते. वरून घातलेलं पाणी भुसभुशीत मातीतून खाली निघून जातं, कुंडीखालची ताटली भरते, माती ओली दिसते आणि आतला गोळा ठणठणीत कोरडा राहतो. झाड तहानेने वाळतं, आणि आपण समजतो पाणी जास्त झालं. म्हणून लावण्याआधी गोळा तासभर पाण्याच्या बादलीत भिजवावा. बाहेरची अर्धा-पाऊण इंच चिकण माती बोटांनी अलगद सुटेल तेवढीच काढावी, आणि पहिले काही महिने अधूनमधून पातळ काडी गोळ्यात खुपसून तो आत ओला आहे ना ते पाहावं. मुळं सोडवायला, कापायला जाऊ नये.

जमिनीत लावायचं तर जूनचा पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर लावा. ऊबदार ओल्या मातीत पामाची नवी मुळं भराभर धावतात. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच ठेवा, खोडाची मान मातीत पुरली तर कुजते. पामाची मुळं भिंत फोडतील ही भीती सोडा. ती जाड होत नाहीत, बोटाएवढीच राहतात. भिंतीपासून अंतर ठेवायचं ते झावळ्यांसाठी. कुंडीसाठी लाल माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट समान घ्या, त्यात मूठभर नीम पेंड आणि जाडसर वाळू. कुंडी आधीच्या पिशवीपेक्षा फार तर दोन-तीन इंच मोठी. ताटलीत साचलेलं पाणी दर वेळी ओतून टाका. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने क्षार साठतात आणि अरेकाच्या, चामेडोरियाच्या पात्यांची टोकं तपकिरी होतात. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून खालून भरपूर निघून जाईल इतकं साधं पाणी सोडावं, आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी मिळालं तर त्याहून चांगलं नाही.

पिवळी पानं दिसली की लोक आधी युरिया आणतात. पामाला बहुधा हवं असतं वेगळंच. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा राहिला तर मॅग्नेशियम कमी पडतं आहे. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके येऊन टोकं वाळत गेली तर पालाश कमी आहे. नवं पान आखूड, वेडंवाकडं, करपल्यासारखं आलं तर मँगेनीजची उणीव. चुनखडीच्या काळ्या जमिनीत फिनिक्सला हा त्रास नेमका होतो. पालाश कमी असलेल्या पामाचं एक वैशिष्ट्य असं, की तो जुन्या पानांतला पालाश ओढून नव्या पानाला पुरवतो. आपण ती ठिपक्यांची पानं वाईट दिसतात म्हणून कापली की त्याची शिदोरीच कापतो. मग तो त्याच्या वरच्या पानांतून ओढायला लागतो.

आणि सणासुदीला सोसायटीच्या बागेत हमखास होणारी गोष्ट. दिवाळीआधी माळी कोयता घेऊन येतो आणि पामाच्या खालच्या सगळ्या झावळ्या उतरवून शेंड्यावर चार पानांचा तुरा ठेवतो. झाड ‘स्वच्छ’ दिसतं आणि पुढची दोन वर्षं उपाशी राहतं. शिवाय ताज्या कापांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो, आणि अळ्या आतून कोंबापर्यंत पोखरत जातात. गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो आणि सुईला भोक पाडतो. पुढे उलगडलेल्या पानावर त्रिकोणी काप दिसतात ते त्याचेच, म्हणून खताचा खड्डा पामापासून लांब हवा. पूर्ण वाळलेली, जमिनीकडे लोंबणारी झावळीच फक्त काढा, तीही खोडापासून दोन इंच बूड ठेवून. आडव्या रेषेच्या वर असलेल्या कोणत्याही हिरव्या झावळीला हात लावू नका, आणि हे माळ्याला काम सुरू होण्याआधी, झाडाजवळ उभं राहून दाखवा.